पेटी (हार्मोनियम) घ्यायची आहे: भजनी मंडळ आणि चौथीतली लेक, दोघांचं एकाच वाद्यात भागेल का?

चिपळूणकरीण

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवणारे काका मुलाकडे कायमचे राहायला गेले. 'तू शाळेत वाजवायचीस ना गं' असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलंय. शाळेतलं वाजवणं म्हणजे प्रार्थना आणि राष्ट्रगीत! अभंग, गौळणी आणि गणपतीतल्या आरत्या नीट वाजल्या तरी मंडळ खूश होईल.

दुसरीकडे लेकीला पियानो शिकायचाय. बजेट तीस हजार, ताणून पस्तीस. एकाच वाद्यात दोघींचं भागेल का? दुकानदार नऊ स्केलची स्केल चेंजर पेटी (कळफलक सरकवून पट्टी बदलता येते ती) घ्या म्हणतोय, ती खरंच लागते का? आणि शिकायचं कसं? इथे एक सर आठवड्यातून एकदाच येतात.

ठाणे_लोकल

सरळ कीबोर्ड घ्या. त्यात पेटीचाही आवाज असतो. ट्रान्सपोजचं बटण दाबलं की कुठलीही पट्टी, म्हणजे गाण्याचा सा हवा तिथे. यामाहाच्या पीएसआर-आय ५०० मध्ये तर तबल्याचे ठेके आणि तानपुराही आहे. लेकही खूश, मंडळही खूश.

खर्जातला

ठाणेकर, देवळात वीज गेली की काय करणार? चिपळुणात पावसाळ्यात ती जातेच. शिवाय दहा-बारा बायका, टाळ आणि पखवाज यांच्यात कीबोर्ड ऐकू यायला वेगळा स्पीकर लागेल. आणि मुख्य म्हणजे पेटीचा आवाज कमी-जास्त होतो तो भात्यामुळे. ओळ उचलताना जोर द्यायचा, गाणारी थांबली की हात सैल सोडायचा, ही साथ बटणातून येत नाही.

ताई, तुमच्यासाठी पेटीच. आता कुठली ते सांगतो.

साडेतीन सप्तकांची, म्हणजे बोटाने दाबायच्या ४२ पट्ट्यांची, दुहेरी सुरांची (एक पट्टी दाबली की दोन सूर वाजणारी) साधी पेटी घ्या. सुरांमध्ये खर्ज-नर जोडी मागा (खर्ज खालच्या सप्तकातला, नर मधला, मादी वरचा). आपल्याकडे साथीला हीच जास्त चालते, नर-मादीचा आवाज टाळांपुढे फार किरकिरा वाटतो. कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टीही दबते ती सोय) असला तर असू दे, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. सगळा पैसा सुरांवर, म्हणजे आत हवेने थरथरणाऱ्या धातूच्या जिभांवर (रीड्सवर), घाला. नक्षी, पॉलिश, रंगीत स्टॉप (हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खुंट्या) यांनी पेटी गात नाही. आपल्याकडच्या पुष्कळ पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. जुन्या पेट्यांत कधीकधी जर्मन सूर सापडतात. तशी जुनी पेटी कोणी विकत असेल आणि लाकूड शाबूत असेल तर नव्यापेक्षा ती बघा. भाता आणि फेल्ट बदलून मिळतात, तसे सूर मिळत नाहीत.

दुकानात गेल्यावर गाणं वाजवत बसू नका, दुकानदाराला वाजवू तर अजिबात देऊ नका. त्याच्या हातात कुठलीही पेटी गोडच वाजते. सगळे स्टॉप बंद करा, भाता भरा आणि थांबा. पेटी लगेच रिकामी झाली तर हवा गळतेय. मग स्टॉप उघडून अगदी कमी हवेवर एकेक पट्टी दाबा. दोन्ही सूर एकदम बोलायला हवेत, एक आधी आणि दुसरा उशिरा जागा होत असेल तर ती पेटी नको. सा आणि वरचा सा एकत्र धरून ऐका. सूर स्थिर उभा राहिला पाहिजे. त्यात लाटा येत असतील तर ट्यूनिंग कच्चं आहे. शेवटी प्रत्येक पट्टी पटकन सोडून बघा, वर यायला रेंगाळणारी पट्टी पावसाळ्यात हमखास अडकते.

आणि घेण्याआधी विचारा की सूर जुळवून कोण देणार. वर्षा-दोन वर्षांनी हे काम निघतंच. तुमच्यापासून तासाभरावर कारागीर असेल तर थोडी साधी पेटीही परवडते. तो नसेल तर महागडी पेटीही तशीच बेसूर पडून राहते.

पार्लेकर_पूर्व

वरचं बहुतेक पटलं, पण स्केल चेंजरला एवढं मोडीत काढू नका. आमच्या मंडळात तिघी गायिका, तिघींच्या पट्ट्या वेगळ्या. वाजवणारीने एकच बोटं पाठ केलीत, ती कळफलक सरकवते आणि वाजवते. नोकरी-संसार सांभाळून वाजवणाऱ्या बाईला तेवढी सोय का नसावी?

खर्जातला

सोय आहे हे मान्य. पण अख्खा कळफलक सुरांवरून सरकवणारी यंत्रणा म्हणजे वजन वाढलं, हवा गळायच्या जागा वाढल्या आणि दुरुस्तीही अवघड झाली. मुंबईत ठीक आहे, कारागीर पाहिजे तेव्हा मिळतो. शिवाय तीस हजारांतली स्केल चेंजर म्हणजे त्याच पैशात हलके सूर. तेच पैसे साध्या पेटीत घातले तर सूर चांगले मिळतील.

ताई, महिला मंडळ बहुधा काळी चार किंवा काळी पाचमध्ये, म्हणजे सप्तकातली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी सा धरून, गातं. तुमचं कशात गातं ते आधी बघा आणि तेवढीच पट्टी पक्की करा. काळी चारचा सा घेतला की रे काळी पाच, ग पुढची पांढरी एक, म काळी एक, प काळी दोन, ध पांढरी चार, नी पांढरी पाच. या सुरांवरचे पलटे (सरगमचे सराव) महिनाभर घोटलेत की अर्धे अभंग बोटांखाली येतील. पांढरी एकमधून शिकायला सुरुवात करून नंतर पट्टी बदलण्यात दुप्पट कष्ट आहेत.

गांधारवेडा

पेटीची एवढी भलामण चाललीय म्हणून सांगतो. पेटीचा शुद्ध गंधार (ग) सा पासून ४०० सेंटवर असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे १०० सेंट), तानपुऱ्यात ऐकू येणारा सुमारे ३८६ वर. म्हणजे पेटी गंधार चढाच देते. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, तर निघतच नाही. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली त्यामागे हाही आक्षेप होता आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. सांगलीच्या देवलांनी क्लेमंट्स या इंग्रज साहेबांबरोबर श्रुतींची (सप्तकातल्या बारीक सूरभेदांची) पेटी करून पाहिली होती. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली. पेटी घ्यायचीच तर निदान गांधार ट्यूनिंग, म्हणजे तानपुऱ्याशी जुळणारे सूर, करून घ्या.

चिपळूणकरीण

दादा, माहिती छान आहे. पण आमच्याकडे टाळच दोन वेगवेगळ्या सुरांत आहेत. 😄 चौदा सेंट सध्या राहू देत.

गांधारवेडा

हाहा, बरोबर. आणि गांधार ट्यूनिंग एका ठरावीक सा साठी असतं, दुसऱ्या पट्टीत गेलात की काही सूर कानाला खुपतात. मंडळाची पट्टी बदलत असेल तर साधंच ट्यूनिंग ठेवा. मागे घेतो.

इवलेसे_हात

मी मुलांना पियानो-कीबोर्ड शिकवते. लेकीचं वेगळं काढा, एका वाद्यात नाही भागणार. पेटीत एक हात भात्यावर असतो, पियानोत दोन्ही हात वेगवेगळं बोलतात. शिवाय पियानोत बोट किती जोरात पडलं त्यावर आवाज ठरतो, पेटीत तसं नाही.

पण लगेच ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेऊ नका. ६१ पट्ट्यांचा, टच रिस्पॉन्स (बोटाच्या जोराप्रमाणे आवाज) असलेला कीबोर्ड बघा, वापरलेला मिळाला तर उत्तमच. टच रिस्पॉन्स नसलेला मात्र फुकट मिळाला तरी नको, बोटांना वाईट सवय लागते. वर्षभर ती आपणहून बसली, दोन हात जुळले, की मग वजनदार पट्ट्यांच्या पियानोचा विचार करा. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा द्यायच्या असतील तर पियानो आणि इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड यांचे अभ्यासक्रम वेगळे असतात, ते आधी ठरवा. आणि उजेडाने पट्ट्या दाखवणारी 'गाणं शिका' ॲप्स तिला देऊ नका. मूल पडद्याकडे बघून बरोबर पट्टी दाबतं, पण कान आणि वाचन दोन्ही कोरडेच राहतात.

चिपळूणकरीण

धन्यवाद! म्हणजे पेटी आत्ता, कीबोर्ड दिवाळीला. आणि माझं शिकणं? रोज यूट्यूब बघून जमेल का?

बोरीची_पेटी

सुरुवातीचे दोन-तीन महिने त्या सरांकडेच जा, आठवड्यातून एकदा पुरे. मनगट खाली पडतंय, अंगठा चुकीच्या जागी येतोय हे व्हिडिओ तुम्हाला सांगत नाही. पुढे घरी यूट्यूब चालेल. तानपुरा ॲपवर लावून, आपल्याच पट्टीत, आधी सावकाश अलंकार. सरांना गांधर्व महाविद्यालय मंडळाचा संवादिनीचा, म्हणजे पेटीचा, अभ्यासक्रम विचारा. परीक्षा दिली नाहीत तरी प्रारंभिक आणि प्रवेशिकेचा क्रम धरायला बरा.

त्याहून मोठी शिकवण ऐकण्यात आहे. आमच्या गोव्याचे तुळशीदास बोरकर, तसंच गोविंदराव पटवर्धन आणि आप्पा जळगावकर यांची साथ ऐका. एकलवादन नंतर, आधी साथ. गाणाऱ्याची ओळ संपेपर्यंत ते किती गप्प असतात याकडे लक्ष द्या. नव्याने वाजवणाऱ्याला प्रत्येक फटीत काहीतरी भरावंसं वाटतं, आणि भजनात तर बुवांसारखं वाजवायचा मोह फार. पण डबलबारीचा (दोन भजनी बुवांच्या सामन्याचा) बुवा स्वतःच गातो, स्वतःच वाजवतो. तुम्ही दुसऱ्याच्या गाण्यामागे असणार.

चिपळूणकरीण

हे अगदी पटलं. आधीचे काकाही असेच कमी वाजवायचे. शेवटचा प्रश्न, इथल्या पावसात पेटी ठेवायची कशी? जुन्या पेटीचा भाता उंदरांनी खाल्लाय.

खर्जातला

भिंतीला चिकटून किंवा जमिनीवर नको, पाटावर किंवा कपाटात. ठेवण्याआधी भात्यातली हवा काढा, स्टॉप बंद करा, भात्याची कडी लावा. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि महिन्याला बदला. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळू नका, आत दमट राहून बुरशी धरते. सुती कापड पुरे. आणि नैवेद्याचा प्रसाद खाऊन लगेच पेटीला हात नको, उंदीर-झुरळं त्या वासावर येतात.

पावसाळ्यातही दोन-तीन दिवसांआड दहा मिनिटं वाजवत जा, सगळ्या पट्ट्यांवरून बोट फिरवा. वाजती पेटी कमी बिघडते. एखादा सूर मुका झाला तर टाचणी घालून स्वतः खरवडू नका, कारागिराकडेच न्या.

एडिसनकर

आमच्याकडे अमेरिकेत उलटं. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी होते की लाकडाला चिरा जातात, म्हणून पेटीजवळ ह्युमिडिफायर लावतो. ताई, तुम्ही नशीबवान, कारागीर गाडीने गाठता येतो. इथे सूर जुळवणारा शोधण्यात महिने जातात.

चिपळूणकरीण

शनिवारी दुकानात जातेय, सर सोबत येतायत. स्केल चेंजर नाही, खर्ज-नर, ४२ पट्ट्या. सूर जुळवणारे एक गृहस्थ रत्नागिरीत असल्याचं कळलंय, त्यांना आधी फोन करते.