दिवसभरात बाराशे फोटो, तरी दुपारचे सगळे धूसर: दोष लेन्सचा की माझा?

पाणकाठ

नमस्कार. गेल्या रविवारी सूर्योदयाच्या आधीपासून सूर्यास्तापर्यंत मी एका मोठ्या तळ्याकाठी पक्ष्यांचे फोटो काढत होतो. वसंताची नुकतीच सुरुवात आहे आणि झाडांना अजून पालवी फुटलेली नाही, त्यामुळे एरवी पानांत हरवणारे पक्षी उघड्या फांद्यांवर स्वच्छ दिसत होते. चोचीत लांब काटकी धरून घरट्याकडे निघालेला राखी बगळा मी आयुष्यात पहिल्यांदा इतका वेळ पाहिला. घरी येऊन फोटो उघडले तेव्हा मात्र मन खट्टू झाले.

माझ्याकडे ४०० मिलिमीटरची लेन्स आणि १.५ क्रॉपचा (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा दीडपट लहान सेन्सरचा) २४ मेगापिक्सेल कॅमेरा आहे. सकाळी आठपर्यंतचे फोटो बऱ्यापैकी रेखीव आहेत, पण अकरा ते तीन या वेळेतले जवळजवळ सगळेच मऊ आणि धूसर आले आहेत. त्यांतले बरेचसे मी ट्रायपॉडवरून, १/१६०० शटर स्पीडने, अगदी स्थिर बसलेल्या बदकांचे काढले होते. फोकसचा बिंदू बरोबर डोळ्यावर आहे, प्रकाश भरपूर होता आणि आयएसओही (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) कमीच होता. मोठ्या पांढऱ्या बगळ्याच्या फोटोंत तर पिसांचा तपशीलच नाही, नुसता पांढरा ठिपका उरला आहे.

दिवसाचे समाधान म्हणाल तर एकच. संध्याकाळी एक छोटा खंड्या चोचीत मासा धरून माझ्यापासून दहा-बारा मीटरवरच्या फांदीवर वीस मिनिटे बसून होता. मधूनमधून डोके खालीवर करत होता, पण उडाला नाही. ते फोटो सुंदर आले आहेत. लेन्स तपासायला द्यावी का? की ६०० मिलिमीटरची घ्यावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

माळभिंगरी

लेन्स तपासायला देण्याची घाई करू नका आणि नवी तर मुळीच घेऊ नका. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून दोष हवेचा दिसतो. या दिवसांत रात्री थंड असतात आणि तळ्याचे पाणीही गारच राहते, पण ऊन एव्हाना तापू लागलेले असते आणि गवत-पानांची सावली नसल्यामुळे उघडी जमीन दहा-अकरापर्यंत भराभर गरम होते. मग काठावरची गरम हवा आणि पाण्यावरची थंड हवा एकमेकींत मिसळत राहते, आणि तिच्या कमी-जास्त घनतेच्या थरांतून येणारा प्रकाश क्षणाक्षणाला थोडा वेगळा वाकतो. त्याने बदकाची कडा विरघळल्यासारखी दिसते. शटर स्पीड वाढवून फारसा उपयोग होत नाही, कारण त्या एका क्षणापुरतीही प्रतिमा वाकडीच असते. आणि जास्त लांब लेन्स पक्ष्याबरोबर ही लहरही तितकीच मोठी करून दाखवते.

खात्री करायची असेल तर दुपारी एकाच बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग) काढलेले आठ-दहा फोटो शंभर टक्के मोठे करून एकामागून एक पाहा. दोष लेन्सचा असेल तर मऊपणा सगळ्यांत सारखा असेल. हवेचा असेल तर एकात चोच वाकलेली, दुसऱ्यात पाठ दातेरी, आणि एखाद्यात नशिबाने डोळा स्वच्छ, असे दिसेल.

यावर खरा उपाय एकच आहे: तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये हवा कमी ठेवणे, म्हणजे अंतर कमी करणे. छोटा खंड्या साधारण १६ सेंटीमीटरचा असतो. तो ४० मीटरवर असेल तर तुमच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम १.६ मिलिमीटरची पडते, म्हणजे फोटोच्या ६००० पिक्सेल रुंदीत सुमारे ४०० पिक्सेल. तोच पक्षी १० मीटरवर आला की १६०० पिक्सेलच्या वर जातो. ४० मीटरवरून ६०० मिलिमीटर लेन्स लावली तरी आकडा ६०० च्या आसपासच राहील, आणि हवा तेवढीच मध्ये असेल.

म्हणून या ऋतूत माझा दिवस दोन तुकड्यांत असतो. पहिले अडीच तास आणि शेवटचे दोन तास मी फोटो काढतो. मधल्या वेळी कॅमेरा पिशवीत ठेवून दुर्बिणीने फक्त पाहतो. विषुवदिनाच्या, म्हणजे २०-२१ मार्चच्या, आसपास सूर्य जवळजवळ थेट पूर्वेला उगवतो आणि थेट पश्चिमेला मावळतो, त्यामुळे सकाळी पूर्वेच्या आणि संध्याकाळी पश्चिमेच्या काठावर बसले की प्रकाश आपोआप पाठीमागून येतो. आणखी एक गोष्ट: उबदार खोलीतली लेन्स पहाटेच्या गारठ्यात नेली की तिच्या हूडमध्येही (पुढच्या नळीसारख्या झाकणात) हीच लहर तयार होते, म्हणून पोहोचल्यावर तिला अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

सावलीतला डोळा

बगळ्यापुरते लिहितो. मागे गडद पाणी आणि चौकटीत बगळा लहान असेल तर कॅमेरा सगळ्या दृश्याची सरासरी काढून पाण्याला उजळवतो आणि पांढरी पिसे जळतात. एक्स्पोजर एक ते सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा प्रकाश) खाली आणावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख, उजव्या भिंतीला टेकत नाही ना ते पाहावे. बगळ्याने चौकट भरली तर मात्र उलट, थोडे वर न्यावे लागते. काळ्या वारकरी पक्ष्याच्या बाबतीत अंग दिसावे म्हणून उजळवण्याचा मोह होतो, पण त्याची पांढरी चोच आधी सांभाळावी. काळ्या पिसांतला तपशील रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) नंतर वर काढता येतो, जळलेली चोच परत आणता येत नाही.

काठावरची फांदी

वरील दोघांनी तांत्रिक बाजू नीट सांगितली आहे. मला खंड्याविषयी बोलायचे आहे, कारण पूर्ण प्रश्नात तीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली. कृपया ते फोटो पुन्हा उघडा आणि माशाचे डोके कोणत्या दिशेला आहे ते पाहा. खंड्या मासा स्वतः गिळणार असेल तर तो त्याचे डोके आपल्या घशाकडे वळवून धरतो, म्हणजे पर आणि खवले उलटे अडकत नाहीत. डोके बाहेरच्या बाजूला असेल तर मासा दुसऱ्यासाठी आहे, आणि वसंताच्या सुरुवातीला हा दुसरा पक्षी म्हणजे बहुतेक त्याची मादी असते. खालची चोच काळी असेल तर नर, नारिंगी असेल तर मादी. चोचीवर ओला चिखल दिसला तर जोडीने काठाच्या मातीत बीळ खणायला घेतले आहे असे समजावे.

स्वतःसाठी पकडलेला मासा खंड्या फांदीवर आपटून लगेच गिळतो. मासा धरून वीस मिनिटे बसणारा, मधूनमधून डोके खालीवर करणारा पक्षी बहुधा कोणीतरी तिथून जाण्याची वाट पाहत असतो. तुम्ही हे जाणूनबुजून केले नाही याची मला खात्री आहे, आणि मी स्वतःही पूर्वी असाच बसलो आहे, म्हणूनच सांगतो. पक्षी काडी किंवा अन्न घेऊन जवळ येतो पण खाली उतरत नाही, चरणे थांबवून मान ताठ करतो, एकच सूर पुन्हा पुन्हा लावतो, ही सगळी आपण जास्त जवळ असल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी फोटो कितीही चांगला मिळत असला तरी उठावे. याच कारणासाठी मोबाइलवर पक्ष्याची साद वाजवून त्याला बोलावू नये. हद्द राखण्यात गुंतलेला नर ती खरी मानून आपली शक्ती आणि वेळ तिच्यामागे घालवतो.

मग अंतर कमी कसे करायचे? आपण पुढे जायचे नाही, बिळापासून दूर असलेली त्याची नेहमीची फांदी शोधायची. खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ दिसले की ती जागा कळते. पक्षी यायच्या आधी, अंधारातच, तिथे लपण, म्हणजे आडोसा, लावून बसायचे आणि तो निघून गेल्यावरच बाहेर पडायचे. केअर्टन बंधू या ब्रिटिश निसर्गछायाचित्रकारांनी १९०० साली पोकळ बैलाचे सोंग बनवून त्याच्या आत कॅमेरा घेऊन फोटो काढले होते. आपल्याला मातकट रंगाचे कापड आणि न हलण्याची तयारी पुरते.

पाणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दुपारचा एक बर्स्ट उघडून पाहिला: अकरा फोटोंत बदकाची पाठ अकरा प्रकारची आहे आणि त्यांतल्या सातव्या फोटोत डोळा चक्क रेखीव आहे. लेन्स तपासायला देत नाही.

खंड्याचे फोटोही पाहिले. माशाचे डोके बाहेरच्या बाजूला आहे. खालची चोच काळी आहे आणि तिच्या मुळाशी चिखलाची बारीक कड वाळलेली दिसते. तिला मी आतापर्यंत सावली समजत होतो. मी बसलो होतो त्या जागेच्या थेट खाली काठाची उभी माती आहे. पुढच्या रविवारी समोरच्या काठावरून, फक्त दुर्बीण घेऊन, तो आता कुठे उतरतो ते पाहीन. त्या फांदीपासून किती दूर लपण लावावे, हे ठरवायला तेव्हा पुन्हा आपल्याला विचारेन.