प्रतिसाद : ओहोस देल सालादो 'सोपा' आहे, पण कुठवर?

चिली-अर्जेंटिना सीमेवरच्या ओहोस देल सालादो (6,893 मी.) या जगातल्या सर्वांत उंच ज्वालामुखीबद्दल वर दोन प्रश्न आलेत: अँडीजमधलं सर्वोच्च शिखर आकोंकाग्वा त्याहून उंच असून ज्वालामुखी का नाही, आणि ओहोसची चढाई म्हणजे नुसती पायपीटच ना?

पहिल्याचं उत्तर जमिनीखाली आहे. पॅसिफिक महासागराच्या तळाची नाझ्का प्लेट (भूकवचाचा प्रचंड तुकडा) चिलीखाली तिरकी घुसते. पुरेशी खोल गेली की तिच्यातलं पाणी सुटून तिच्या वरच्या प्रावरणाचा (कवचाखालच्या गरम थराचा) खडक वितळतो, आणि त्यातून ज्वालामुखी तयार होतात. ओहोसच्या थोडं दक्षिणेला मात्र ही प्लेट जवळजवळ आडवीच सरकते. वितळायला मधे गरम थरच उरत नाही, म्हणून तिथून पुढे आकोंकाग्वापर्यंत जागृत ज्वालामुखी नाहीत.

आता चढाई. चिलीच्या बाजूने फोर-बाय-फोर गाडी थेट आताकामा तळावर (सुमारे 5,200 मी.) पोचते, आणि घोळ तिथेच होतो. जिथून निघता ते कोपियापो शहर जेमतेम 400 मीटर उंचीवर! दोन दिवसांत वर गेलात तर डोकेदुखी-उलट्या ठरलेल्याच. वाटेतल्या लागुना वेर्दे तळ्याजवळ (सुमारे 4,350 मी.) तीन-चार मुक्काम हवेतच. तेहोस निवाऱ्यापासून (सुमारे 5,800 मी.) पहाटे निघायचं, कारण दुपारी वारा असह्य होतो. घसाऱ्यावर (सुट्या दगडमातीच्या उतारावर) दोन पावलं वर, एक खाली. विवराच्या काठानंतर शेवटचा खडकाळ टप्पा हातापायांनी चढायचा. तिथले जुने दोर उन्हाने कुजलेले असतात, भार टाकू नका, स्वतःचा दोर न्या.

वाळवंट आहे, बर्फाच्या भरवशावर राहू नका. पाणी खालूनच न्यायचं. शिखर देशाच्या हद्दीवर असल्याने परदेशी गिर्यारोहकांना चिली सरकारची लेखी परवानगी लागते, ती आधीच काढा.