मदत हवी आहे: फाउंड्रीतून (ओतकामाच्या कारखान्यातून) मेटलर्जीच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या एम.टेक.ला जायचंय, गेट या प्रवेश परीक्षेला एमटी (मेटलर्जी) पेपर घेऊ की एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस)?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. मेकॅनिकलला बी.ई. झालो आणि तेव्हापासून शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे एसजी आयर्नची, म्हणजे आत ग्रॅफाइटचे गोळे असलेल्या ओतीव लोखंडाची कास्टिंग होतात. सॅम्पल पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरलं की ग्रॅफाइटचे काळे गोल ठिपके दिसतात. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळल्यावर (मॅग्नेशियम ट्रीटमेंट) ओतायला उशीर झाला की तेच ठिपके वेडेवाकडे होतात, कुठेकुठे पापुद्र्यासारखे लांबतात, आणि माल रिजेक्ट. मॅग्नेशियम १०९१ अंशांना उकळतं, आमचा रस त्याहून कितीतरी तापलेला, त्यामुळे ते उडून जातं हे समजतं. पण जेमतेम ०.०४ टक्के मॅग्नेशियम ग्रॅफाइटला गोल वाढायला कसं लावतं, हे मला मुळातून शिकायचंय. म्हणून एम.टेक.

अडचण गेटच्या पेपरची आहे. एमटीमध्ये थर्मोडायनॅमिक्स, फिजिकल आणि मेकॅनिकल मेटलर्जी जमेल असं वाटतं, पण मिनरल प्रोसेसिंग आणि एक्स्ट्रॅक्टिव्ह (खनिजातून धातू काढणं) मला अगदीच नवीन. एक्सईमध्ये गणित सक्तीचं, बाकी मटेरिअल सायन्स आणि सॉलिड मेकॅनिक्स घेता येईल, ते जवळचं आहे. मात्र एक्सईच्या स्कोअरवर मेटलर्जी विभागात प्रत्यक्षात कितीजणांना प्रवेश मिळतो? की सरळ मेकॅनिकलचाच पेपर देऊन अर्ज करावा? आयआयटी मुंबई, कानपूर, मद्रास, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, इथे शिकलेल्यांनी कृपया सांगावं. वेबसाइटवरची पात्रता मी वाचली आहे, मला तिथला अनुभव हवाय.

दुसरं, सॉलिडिफिकेशन (धातूचा रस गोठणं) आणि कास्टिंगवर मनापासून काम करणारे गाइड सध्या कुठे आहेत? बॅटरी आणि नॅनो चांगलेच विषय आहेत, पण माझा जीव लोखंडात आहे. त्यासाठी बेंगळुरूच्या आयआयएससीत एम.टेक. रिसर्च करणं जास्त बरं का?

घरी आईबाबांना नोकरी सोडणं पटत नाही. महिना १२,४०० रुपयांच्या स्टायपेंडवर हॉस्टेलमध्ये राहून घरी थोडेफार पाठवता येतात का, हेही कुणी खरंखरं सांगा. ऑगस्ट-सप्टेंबरात गेटचे फॉर्म निघतात, त्याआधी पेपर ठरवून पुस्तकं घ्यायची आहेत. इथे लिहायचं नसेल तर व्यनि करा, चालेल.