मदत हवी आहे: नसबंदी झालेला बोका भिंतींवर फवारे मारतोय

नमस्कार. आम्ही फोंडा तालुक्यात राहतो, जुनं चिरेबंदी घर आहे. आमचा बोका सोन्या चार वर्षांचा. तो वर्षाचा व्हायच्या आधीच नसबंदी करून घेतली होती. इतकी वर्षं मातीच्या ट्रेबाहेर एकदाही घाण केली नाही. आता तीन आठवडे झाले, रोज कुठेतरी फवारा असतोच.

हे नेहमीचं मुतणं नाही. तो बसत नाही. भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपटी ताठ वर, तिचं टोक थरथरतं आणि मागे थोडासाच फवारा जातो. ट्रेमध्येही रोजच्यासारखा जातो. डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली. खडे नाहीत, जंतुसंसर्ग नाही. ताणामुळे होतंय म्हणाले, आणि गरज पडली तर ताण कमी करणाऱ्या फ्लुओक्सेटिनच्या गोळ्या सुरू करू म्हणाले.

ताण कसला, याचा मी विचार करतेय. पाऊस लागल्यापासून एक परका पिवळा बोका सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, येऊन निजतो. सोन्या खिडकीत बसून त्याला बघत गुरगुरतो. त्यातच दीर सहा महिन्यांनी बोटीवरून सुट्टीवर आले. पहिला फवारा त्यांच्या बॅगेवर, मग सोप्याच्या दारावर, मग खिडकीखाली, आणि परवा गणपतीच्या वर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधतो त्या खोलीच्या भिंतीवर.

त्या दिवशी सासूबाई रडल्या. त्यांना सोन्याचा राग नाही, त्यांनीच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलाय. पण चतुर्थीला जेमतेम दीड महिना आहे, सगळं घराणं आमच्याकडे जमतं आणि गणपतीच्या खोलीत हा वास. शेजारी म्हणतात, मासळी बाजारात नेऊन सोडा, तिथे उपाशी मरणार नाही. घरात वाढलेलं जनावर असं सोडायचं, ही गोष्ट माझ्या गळी उतरत नाही.

सध्या फिनेलने पुसतेय. वास दोन दिवसांनी परत येतो, चिऱ्यात मुरला असावा. नेमकं काय करू? गोळ्यांची मला भीती वाटते.

प्रतिसाद १
ताई, आधी फिनेल बंद करा. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पाय चाटताना ते पोटात जातात. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी मिसळून विषारी वायू होतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आणा. चिरा सच्छिद्र असतो, त्यामुळे वरवर पुसून भागत नाही. भिंत चांगली भिजू द्या, बाटलीवर लिहिलेला वेळ जाऊ द्या, मग आपोआप सुकू द्या. पावसात सुकायला वेळ लागतो, पंखा लावा.

पण मूळ कारण तो पिवळा बोकाच वाटतो. फवारे दारावर आणि खिडकीखाली आहेत, म्हणजे हद्दीवर. खिडकीच्या खालच्या काचांना कागद चिकटवा. आणि एक विचारते: मासळी साफ केल्यावर डोकी, खवले कुठे टाकता?

प्रतिसाद २
आमच्या बोक्याचं हेच झालं होतं, म्हणून लिहितो. ओरडू नका, नाक घासायला लावू नका. ताण वाढतो आणि फवारेही वाढतात. एकच मांजर असलं तरी ट्रे दोन ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी. दिरांच्या बॅगा बंद खोलीत राहू द्या. धुतलेल्या कोपऱ्यांपाशी त्याचं खाणं ठेवून बघा, जेवतात तिथे मांजरं सहसा घाण करत नाहीत.

गोळ्यांचं म्हणाल तर त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. चतुर्थी डोळ्यासमोर असेल तर डॉक्टरांशी आत्ताच बोला. सुरू केल्यावर मनाने बंद करू नका. आणि तो कुंथतोय पण मूत येत नाही असं दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. बोक्याची मूत्रनळी तुंबली की एकदोन दिवसांत जीव जातो.

धागाकर्ती
डोकी परसात, न्हाणीघरामागे टाकतो. तो पिवळा त्यासाठीच येत असणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रतिसाद १
मग श्रावण आठ दिवसांवर आहे. तुमच्याकडे मासळी बंद होत असेल तर हाच काळ धरा. आजपासूनच डोकी पुरायला लागा. पण त्या बोक्याला उपाशी हाकलू नका. घरापासून लांब, ठरल्या जागी खाऊ घालून सवय लावा आणि पकडून त्याचीही नसबंदी करून घ्या. चतुर्थीत फटाके आणि माणसांची वर्दळ असते, तेव्हा सोन्याला मागची एक खोली द्या: ट्रे, पाणी, सासूबाईंचं जुनं लुगडं. त्या खोलीची सवय आत्तापासून लावा.

धागाकर्ती
लुगडं काढून दिलंय त्यांनी. आज दुपारी तो त्यावरच झोपलाय. डॉक्टरांकडे उद्या सकाळी जाते, गोळ्यांचं विचारून इथेच लिहीन.