मदत हवी आहे: अंध भाच्याला ताडोबा ऐकवायचा आहे. कुठलं गेट, कुठला महिना?

नमस्कार मंडळी,

माझा भाचा पंधरा वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला दिसत नाही, आणि आवाजांचं त्याला विलक्षण वेड आहे. आमच्या नाशिकच्या घरामागे उंबर आहे. त्यावर एक तांबट टुकटुक करतोय की लांबून दुसरा त्याला उत्तर देतोय, हे तो बसल्या जागी सांगतो. भारद्वाज घुमायला लागला की हात वर करून अख्ख्या घराला गप्प बसवतो. यंदा वाढदिवसाला काय हवं विचारलं तर म्हणाला, "मामा, मला सांबराचा कॉल खराखुरा ऐकायचाय. ताडोबाला ने." (कॉल म्हणजे वाघाची चाहूल लागली की प्राणी देतात तो इशारा.)

इथले ताडोबाचे जुने धागे वाचून काढले. मंगळवारची सुट्टी, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर (जंगलाचा आतला गाभा) बंद, ऑनलाइन बुकिंग, मूळ ओळखपत्र, सकाळ-दुपारच्या फेऱ्या, हे सगळं कळलं. पण बहुतेक सल्ले वाघ हमखास कुठे दिसतो याभोवती फिरतात. मला हवंय ते वेगळं आहे. जंगल चांगलं ऐकू येईल अशी जागा आणि वेळ कुठली?

आधी महिन्याचं बोलतो, कारण माझं सगळ्यात जास्त अडलंय ते तिथेच. मार्चमध्ये सागाची पानगळ झालेली असते. वाळलेलं सागाचं पान पायाखाली पापडासारखं मोडतं, त्यामुळे चितळांचा कळप हलला तरी त्याला कळेल असं वाटतं. मोहाची फुलं खाली पडलेली असतील, त्यांचा वासही मिळेल. मेअखेरीला गेलो तर नवरंग पक्षी आलेला असेल, त्याची ती दोन सुरांची शीळ आणि पावशाचं 'पेरते व्हा' दोन्ही ऐकायला मिळतील. पण चंद्रपूरचा मे म्हणजे पारा ४५ च्या वर, आणि ताईचा जीव त्यानेच घाबरा झालाय. हिवाळ्यात हवा छान असते, पण पक्षी कितपत बोलतात? तिन्ही ऋतूंत जाऊन आलेल्यांनी आवाजाच्या अंगाने सांगा. नवरंगासाठी मेचा त्रास काढण्यासारखा आहे का, की मार्चअखेरीला जाऊन यावं?

आता गेट. मोहर्ली चंद्रपूरहून जवळ, तिथे राहायची सोयही भरपूर, पण गर्दीही तिथेच जास्त असं सगळेच लिहितात. आम्ही रेल्वेने नागपूरला उतरून पुढे गाडीने जाणार, म्हणून उमरेड-चिमूरकडून कोलारा सोयीचं पडेल. गर्दीचा धसका मी घेतलाय त्याला कारण आहे. मागे एका व्याघ्र प्रकल्पात (नाव घेत नाही) वाघीण रस्त्याकडेला बसली होती आणि तिच्यापुढे जिप्सींची रांग लागली. रिव्हर्सचे आवाज, कॅमेऱ्यांची खटखट, "पुढे घे, पुढे घे" असा ओरडा. डोळ्यांनी बघणाऱ्याला निदान वाघीण तरी दिसली. माझ्या भाच्याच्या वाट्याला त्यातून फक्त इंजिनं येतील. तेव्हा कोअरचा हट्ट सोडून मदनापूर, अलिझंझा, जुनोना अशा बफरच्या (गाभ्याभोवतीच्या पट्ट्याच्या) गेटांचा विचार करू का? की ताडोबाच नको, आणि नागझिऱ्याला पिटेझरी किंवा चोरखमाऱ्याकडून आत जावं? बोर व्याघ्र प्रकल्पाबद्दलही कुणी अनुभव लिहिला तर आवडेल. तिथे वाहनं कमी असतील असा माझा अंदाज आहे. पण त्याच्या तोंडी नाव ताडोबाचं आहे, हेही मनातून जात नाही. तळ्याकाठच्या तारूदेवाची गोष्ट त्याने कुणाकडून तरी ऐकली आहे आणि तळ्यातल्या मगरींविषयी तो रोज काहीतरी नवीन विचारतो.

गाईडचं काय करावं? गाईड पाळीप्रमाणे मिळतो असं ऐकलंय. मला असा माणूस हवाय जो पाणवठ्यापाशी इंजिन बंद करायला लावून वीस मिनिटं नुसता बसेल, आणि कॉल आला की कुठल्या बाजूने आला, कुणाचा आला, हे हळू आवाजात सांगेल. वानर खाकरलं, चितळ ओरडलं, भेकर भुंकलं, आणि मग सांबराने आवाज दिला, तर त्या चढत्या क्रमातून वाघ कुठून कुठे चाललाय हे त्याला नकाशासारखं उमगेल, याची मला खात्री आहे. गाईड बहुतेक जवळच्या गावांतलेच असतात आणि लहानपणापासून हेच आवाज ऐकत वाढलेले असतात. अशा एखाद्या जाणत्या गाईडची पाळी नसताना विनंती करून व्यवस्था होते का? त्यासाठी गेटवर आधी अर्ज द्यावा की चंद्रपूरच्या वन कार्यालयात? पूर्ण जिप्सी आम्हीच घेणार आहोत, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घाईचा प्रश्न नाही.

रेकॉर्डरबद्दल स्पष्ट माहिती हवी आहे. मोबाइल आत नेता येत नाही, ते योग्यच आहे. पण त्याच्याकडे फक्त ध्वनिमुद्रण करणारं छोटं यंत्र आहे, त्यात फोन नाही, कॅमेरा नाही. ते आत नेऊ देतात का? कॅमेऱ्याला शुल्क असतं तसं याला असेल तर आनंदाने भरू. रेकॉर्ड केलेला आवाज आत वाजवून पक्ष्यांना बोलावायचं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. उलट मलाच बजावून सांगतो.

बसण्याचंही विचारायचंय. जिप्सी खड्ड्यात जाणार हे आपल्याला दिसतं आणि आपण आधीच सावरून बसतो. त्याला ते कळणार नाही. मागची सीट जास्त आपटते, म्हणून मधल्या सीटवर, समोरच्या दांडीला हात पोचेल असं बसवायचा विचार आहे. पुढे ड्रायव्हरशेजारी बसू देतात का?

शेवटी, हाताला लागेल असं काही तिथे आहे का? मोहर्लीच्या माहिती केंद्रात पंजाच्या ठशाचा प्लॅस्टरचा साचा, सांबराची गळालेली शिंगं, असं काही हाताळू देतात का? नर वाघाचा ठसा केवढा असतो हे मी त्याच्या तळहातावर बोटाने काढून दाखवतो, पण ते काही खरं नाही. येताना चिचपल्लीच्या बांबू केंद्रात जायचा बेत आहे, तिथे त्याच्या हातांना खूप काही सापडेल.

त्याचा स्वतःचा एक प्रश्न आहे, तो जसाच्या तसा देतो: "वाघ पाचोळ्यातून चालला तर ऐकू येतो का? की तो मुद्दाम रस्त्याने चालतो?" जंगलात वाघाजवळ शांत बसलेल्या कुणी उत्तर दिलंत तर मी त्याला मोठ्याने वाचून दाखवीन.

अंध किंवा कमी दिसणाऱ्या माणसाला घेऊन कुणी गेलं असेल, तर त्यांनी अगदी बारीकसारीक गोष्टीही लिहा. बाकीच्या उत्तरांना वेळ लागला तरी चालेल, पण महिना आणि गेट याबद्दल लवकर सांगा. मार्चअखेर ठरलं तर शनिवार-रविवार सोडून मधल्या वारांचं बुकिंग आत्ताच करायला हवं.