डाव्या पोटरीत इम्प्लांट : कोणी केलंय का?

सांगलीकर : जन्मतः पाऊल वाकडं होतं. प्लास्टर, ऑपरेशन होऊन सरळ झालं, पण डावी पोटरी काडीच राहिली. जिम लावली तर उजवीच फुगते! हाफ पँट घालायची चोरी. इम्प्लांटने ताकद येते का?

रात्रपाळी : ताकद शून्य, फक्त आकार. घट्ट सिलिकॉनचा तुकडा असतो; गुडघ्यामागच्या वळीतून स्नायूच्या आवरणाखाली सरकवतात.

नर्समावशी : अरे, कातडी ताणेल तेवढाच मावतो. दोन्ही पाय जुळतीलच असं नाही. जवळून नस जाते, बधिरपणा येऊ शकतो. संसर्ग झाला तर काढावाही लागतो. प्लास्टिक सर्जनलाच दाखव, ब्युटी क्लिनिकच्या ऑफरला भुलू नकोस.

सांगलीकर : मावशी, थोडं भरलं तरी पुरे. नसेचं आधी विचारतो.