मंदारच्या बेसमेंटच्या खिडक्या

मंदार: काका एक विचारायचंय. इथे मिनियापोलिसला रात्री उणे २५ पर्यंत जातंय आणि बेसमेंटमध्ये असलं गार वारं येतंय की टीव्ही बघायला बसलं की पाय बधिर होतात. घर १९५५ चं आहे, वर छताला लागून त्या बुटक्या लोखंडी खिडक्या आहेत, एकच काच. फोम स्प्रेचे कॅन आणून सगळ्या कायमच्या बुजवून टाकू का? वैताग आलाय

नंदा आत्या: अगं बाई उणे २५!! चिंध्या कोंब बाबा फटीत. आपल्या नाशिकच्या वाड्यात माडीच्या दाराला गोणपाट लावायचे थंडीत

सुहास काका: थांब, स्प्रे मारू नकोस. साधा फोम फुगतो तेव्हा जोर करतो, जुनी चौकट वाकली की मग खिडकी उघडायची पण नाही आणि नीट बंद पण व्हायची नाही. आणि ताई, चिंध्या दोन दिवस ठीक आहेत गं पण काचेवरचं पाणी ओघळून त्यात मुरतं आणि मग बुरशी धरते

स्नेहाताई: आधी वारा कुठून येतोय ते बघ रे. उदबत्ती लाव, किचन आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन दोन मिनिटं चालू कर, आणि चौकटीच्या कडेने हळूहळू फिरव. आमच्याकडे शिकागोला धूर काचेपाशी हलतच नव्हता, कडीच्या बाजूच्या कोपऱ्यात मात्र एकदम आडवा व्हायचा

मंदार: ताई करून बघितलं. दोन खिडक्यांना कडीपाशीच येतंय, एकीची काच बसवायची लांबी (पुट्टी) वाळून तुकडे पडलेत. पण सगळ्यात जास्त वारा खिडकीतून नाहीच!! वर काँक्रीटची भिंत संपते आणि लाकूड सुरू होतं ना तिथून येतंय

सुहास काका: हां तेच सांगणार होतो, ती रिम जॉइस्ट, म्हणजे काँक्रीटच्या भिंतीवर कडेने बसवलेली लाकडी तुळई. जुन्या घरात खरी गळती तिथे असते आणि लोक खिडक्यांच्या मागे लागतात. गरम हवा वर जाते, माळ्यावरच्या फटींतून बाहेर पडते, तेवढी गार हवा खालून आत ओढली जाते, म्हणून बेसमेंटच्या फटी थंडीत एवढ्या जाणवतात. माळ्यावर जायचं झाकण आहे ना, त्याला पण रबराची पट्टी लाव, खाली फरक पडेल

नंदा आत्या: म्हणजे वरची फट बुजवली की खाली ऊब? काय सांगतोस सुहास

सुहास काका: हो ताई, खरंच 😄

स्नेहाताई: मंदार खिडक्यांना आत्ता आतूनच कर जे काय ते. रोप कॉक मिळतो, मऊ दोरीसारखा, बोटाने दाबून फटीत बसवायचा, एप्रिलमध्ये ओढून काढता येतो. त्यावर ती प्लॅस्टिक फिल्म, चौकट पुसून कोरडी करून चारी बाजूंनी दुतर्फी टेप, मग फिल्म लावून हेअर ड्रायरने ताणून घ्यायची. टेप कुठेही सुटी ठेवू नकोस, नाहीतर घरातली दमट हवा मागे जाते आणि काचेवर बर्फ धरतो. बाहेरून सिलिकॉन आणि नवीन लांबी उन्हाळ्यात, एवढ्या थंडीत धरणार नाही

मंदार: होम डेपोच्या दुकानात गुलाबी फोम बोर्ड पण बघितला, तो कापून खिडकीत घट्ट बसवला तर?

सुहास काका: चालतो की, एका काचेची आर व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद) जेमतेम १ आणि इंचभर बोर्डाची ५, म्हणजे फरक बराच आहे. पण उजेड जातो, आणि तो फोम जळतो, धूर घाण असतो, त्यामुळे घरात कुठेही उघडा ठेवायचा नाही. स्टोअररूममध्ये झाकून लाव, तेही फर्नेसपासून (घर गरम करायची भट्टी) लांब. आणि खाली कोणी झोपतं का?

मंदार: आई येते तेव्हा तीच खाली झोपते, बेडरूमपर्यंत जिना चढवत नाही तिला

सुहास काका: मग त्या खोलीच्या खिडकीला बोर्ड नाही, स्क्रू नाही, काहीच कायमचं नाही. आग लागली तर तिथूनच बाहेर पडायचं. आधी ती खिडकी माणूस बाहेर पडेल एवढी मोठी आहे का बघ, ५५ सालच्या बुटक्या खिडकीतून वहिनी काय बाहेर पडणार? नसेल तर यावेळी त्यांची वरच सोय कर

नंदा आत्या: अगदी बरोबर. वहिनीला वर झोपव, हॉलमध्ये पलंग टाक

सुहास काका: अजून एक, महत्त्वाचं. वॉटर हीटर गॅसचा ना? धुराचा पाइप कसला आहे?

मंदार: गॅसचाच. पत्र्याचा पाइप, सरळ वर चिमणीत जातो. फर्नेस नवीन आहे, त्याचे दोन पांढरे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर गेलेत

सुहास काका: फर्नेसची काळजी नको, तो बाहेरून हवा घेतो. वॉटर हीटर मात्र बेसमेंटचीच हवा घेतो. सगळं गच्च बंद केलंस आणि वर ड्रायर, एक्झॉस्ट चालू असले तर चिमणीतला गॅस उलटा आत येऊ शकतो, कार्बन मोनॉक्साइड, वास पण येत नाही. अलार्म आहे का खाली?

मंदार: वर बेडरूमबाहेर आहे. खाली नाहीये

स्नेहाताई: मग आज फिल्मच्या आधी अलार्म आण!! खाली एक लाव. आणि रिम जॉइस्ट बुजवायच्या आधी माणूस बोलावून वॉटर हीटरचा ड्राफ्ट, म्हणजे धूर चिमणीतून नीट वर जातो का, तपासून घे, आमच्या इथे गॅस कंपनीला फोन केला की सांगतात कोणाला बोलवायचं ते

मंदार: ओके, दुपारीच जातो. अलार्म, रोप कॉक, फिल्म. माळ्याच्या झाकणाची पट्टी पण आणतो

सुहास काका: झाकणाचं माप घेऊन जा, अंदाजाने आणू नकोस